किती चालली आहे? : मोटारीच्या मीटरमधील आकड्याची साक्ष

जुनी मोटार विकायला निघाली की घेणाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "किती चालली आहे?" उत्तर द्यायला मालकाला डोकेही खाजवावे लागत नाही. तो दार उघडून मीटरकडे बोट दाखवतो. पाच आकडी संख्या तिथे दिसत असते आणि व्यवहारापुरता प्रश्न मिटतो. इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न मात्र तिथे सुरू होतो. तो आकडा कोणी लिहिला, कशाच्या आधारे लिहिला, मध्ये लिहायचा थांबला होता का, आणि कोणी खाडाखोड केली का, हे चार प्रश्न आपण जुन्या कागदाला विचारतो. बखर हाती आली की लेखक कोण, काळ कोणता, नक्कल की अस्सल, हे पाहिल्याशिवाय आपण तिच्यातले वाक्य उचलत नाही. मीटरमधला आकडा यंत्राने लिहिलेला असतो म्हणून तो निःपक्षपाती, अशी एक समजूत आहे. यंत्र पक्षपात करत नाही हे खरे. पण ते झिजते, अडकते, आणि गप्प बसल्यावर आपण गप्प बसलो आहोत हे सांगत नाही.

अंतर मोजणाऱ्या यंत्राची कल्पना मोटारीपेक्षा जवळजवळ दोन हजार वर्षांनी जुनी आहे. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअस याने आपल्या दहाव्या ग्रंथात अशा गाडीचे वर्णन केले आहे. गाडीच्या चाकाचा घेर साडेबारा फूट. चाकाच्या तुंब्याला एकच दाता. चाकाचा एक फेरा झाला की तो दाता शेजारच्या चारशे दात्यांच्या चकतीला एका दात्याने पुढे ढकलतो. चारशे फेऱ्यांत गाडी पाच हजार रोमन फूट, म्हणजे बरोबर एक रोमन मैल जाते आणि चकतीचा एक फेरा पुरा होतो. त्या क्षणी वरच्या आडव्या चकतीतल्या भोकांपैकी एक भोक नळीवर येते आणि त्यातला गोल खडा खाली ठेवलेल्या काशाच्या भांड्यात टणकन पडतो. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे, तितके मैल झाले. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पुढच्या शतकात दातेरी चाकांची अशीच योजना वर्णिली. चीनमध्ये सुंग राजवटीच्या इतिहासात इ. स. १०२७ मध्ये लू ताओलुंग याने सादर केलेल्या रथाची माहिती येते. दर ली अंतराला लाकडी बाहुला ढोल वाजवी आणि दहा लींना दुसरा बाहुला घंटा.

या सगळ्यांत एक युक्ती समान आहे, आणि ती नीट ध्यानात घेतली तर पुढचे सारे सोपे जाते. एका चाकाने पूर्ण फेरा मारावा आणि दुसऱ्याने त्या बदल्यात एकच पायरी सरकावी. हिशेबात आपण ज्याला हातचा म्हणतो, तोच हा. शाळेतल्या बेरजेत हातचा विसरला की उत्तर चुकते. मीटरच्या बहुतेक दुखण्यांचे मूळही कुठे तरी राहून गेलेल्या हातच्यात असते.

आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या मोजणीदारांनी चाकाच्या यंत्राने, म्हणजे पेरांब्युलेटरने, हजारो मैलांचे रस्ते मोजले. माणूस दांडा धरून मोठे चाक ढकलत चाले आणि चाकावरची तबकडी अंतर नोंदवी. मेजर जेम्स रेनेलला हिंदुस्थानचा नकाशा करताना एका गोष्टीचा सतत हिशेब ठेवावा लागला. चाक रस्त्याचे अंतर सांगते, दोन गावांमधले सरळ अंतर नव्हे. घाटातली वळणे, ओढ्याला घातलेला वळसा, सगळे त्या आकड्यात जमा होते. म्हणून वळणांची वजावट करूनच तो आकडा नकाशावर चढवायचा. यंत्राने दिलेला आकडा बरोबर असूनही तो कशाचा आकडा आहे हे वेगळे ठरवावे लागते, याचा हा आपल्या भूमीवरचा जुना धडा आहे.

१८४७ साली अमेरिकेत मॉर्मन पंथाचा तांडा पश्चिमेकडे निघाला होता. रोजची मजल किती झाली यावर तांड्यात वाद होत. विल्यम क्लेटन या नोंदणीकाराला इतरांचे अंदाज फुगवलेले वाटत. त्याने गाडीच्या चाकाचा घेर मोजला, तो भरला चौदा फूट आठ इंच. म्हणजे तीनशे साठ फेऱ्यांचा बरोबर एक मैल. मग चाकाला लाल कापडाची पट्टी बांधून हा गृहस्थ दिवसभर गाडीशेजारून चालत फेरे मोजत राहिला. काही दिवसांतच ऑर्सन प्रॅटने आराखडा केला, अ‍ॅपलटन हार्मन या सुताराने लाकडी दातेरी चाके कोरली आणि क्लेटनची सुटका झाली. या मोजणीवरून त्याने १८४८ मध्ये प्रवाशांसाठी अंतरांची छापील मार्गदर्शिका काढली. मला या हकिगतीत यंत्रापेक्षा लाल पट्टी मोलाची वाटते. मीटर बिघडले असेल तर शेवटी आपल्यालाही तेच करायचे असते. चाकाला खूण करायची आणि फेरे मोजायचे.

मोटार आली तेव्हा अंतर मोजणारे यंत्र तयारच होते. वेग दाखवणारे मात्र नव्याने शोधावे लागले. १९०२ मध्ये जर्मनीत ऑटो शुल्झे याने त्याचे पेटंट घेतले. फिरणाऱ्या लोहचुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते. दोन्ही एकमेकांना टेकत नाहीत, पण चुंबक फिरला की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि वाटी त्याच दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत वाटी जिथे थांबेल तिथे काटा थांबतो. अमेरिकेत वॉर्नर बंधूंनी आणि इंग्लंडात लंडनच्या स्मिथ कंपनीने हा धंदा वाढवला. इटलीत फियाटच्या गाड्यांवर व्हेलिया नाव असे, जर्मन गाड्यांवर व्हीडीओ. लौकरच वेगाचा काटा आणि अंतराचे आकडे एकाच डबीत बसले आणि आजही लोक दोन्हींना मिळून 'मीटर' म्हणतात. निदान करणाऱ्याने मात्र हे दोन भाऊ वेगळे मानले पाहिजेत. दोघांचे जेवण एका ताटातले असले, तरी स्वभाव निराळे आहेत.

ते ताट म्हणजे गिअरबॉक्सपासून येणारी केबल. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला आसावर मळसूत्री दाते असतात, त्यांच्यात एक छोटे पिनियन अडकलेले असते, आणि पिनियनच्या पोटात केबलचे चौकोनी टोक बसते. फोक्सवॅगन बीटलसारख्या गाडीत केबल पुढच्या डाव्या चाकातून निघते, पण आपल्याकडच्या फियाट, अ‍ॅम्बॅसडर, मॉरिस यांत ती गिअरबॉक्सवरूनच येते. केबलचे दुसरे टोक मीटरच्या आसात शिरते. त्या आसाच्या एका टोकाला वेगाचा चुंबक असतो आणि अंगावर मळसूत्र असते. मळसूत्र दातेरी चाकी फिरवते, ती चाकी दुसरी फिरवते आणि शेवटी आकड्यांच्या ओळीतले उजवीकडचे चाक फिरते. आकड्यांच्या दोन चाकांमध्ये इवलेसे पिनियन असते. उजवे चाक नवावरून शून्यावर येताना त्याच्या कडेचे दोन दाते या पिनियनला ढकलतात आणि पिनियन डावीकडच्या चाकाला एका आकड्याने पुढे सारते. बाकीच्या नऊ आकड्यांच्या वेळी डावे चाक जागच्या जागी कुलूपबंद असते. व्हिट्रुव्हिअसचा एकुलता एक दाता तो हाच.

आता बिघाडाकडे वळू. गॅरेजमध्ये 'मीटर बंद आहे' एवढेच सांगतात आणि कारागीर केबल बदलून मोकळा होतो. पाचांपैकी तीन वेळा त्याचे बरोबरही येते. पण उरलेल्या दोन वेळांसाठी आधी नीट पाहावे. वेगाचा काटा आणि आकडे दोन्ही मेले असतील तर दोष दोघांच्या आधीच्या वाटेवर आहे. केबल तुटली आहे, तिचे चौकोनी टोक गोल झाले आहे किंवा गिअरबॉक्सचे पिनियन खाल्ले गेले आहे. केबल मीटरकडून सोडवून गाडी थोडी ढकलली आणि आतली तार फिरताना दिसली, तर खालचा भाग ठीक आहे, आणि दोष मीटरच्या आसात किंवा तारेच्या टोकाची पकड सुटण्यात शोधावा. काटा चालतो पण आकडे थांबले आहेत, असे असेल तर केबलला हात लावू नये. दोष मीटरच्या पोटात, मळसूत्रानंतर कुठे तरी आहे. उलट आकडे सरकतात आणि काटा पडून आहे, तर वाटी किंवा केसाची स्प्रिंग बिघडली आहे आणि अंतराची नोंद विश्वासार्ह आहे. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडली आहे किंवा फार आखूड वळणातून नेली आहे. अशा थरथरीने आकड्यात सहसा फरक पडत नाही, कारण तार अडखळत फिरली तरी फेरे तेवढेच होतात.

सर्वांत गमतीचा प्रकार म्हणजे 'मीटर कमी दाखवतो' ही तक्रार. वेगाचा काटा कमी-जास्त दाखवू शकतो. चुंबक वर्षानुवर्षांत मंद होतो, स्प्रिंग सैल पडते. पण दातेरी चाके मंद होत नाहीत. बारा दात्यांचे चाक म्हातारपणी अकरा दात्यांचे होत नाही. म्हणून काटा आणि आकडे दोन्ही शेकडा सहाने कमी दाखवत असतील तर मीटर उघडण्यात अर्थ नाही, चाकांकडे पाहावे. मूळचे टायर बदलून मोठ्या घेराचे घातले की प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त जाते आणि मीटरला ते कळत नाही. डिफरन्शिअल किंवा गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा बसवला असेल तरी हेच होते. आणि फरक शेकडा अडतीसच्या आसपास असेल तर तो बिघाडच नव्हे. मीटर मैलांचा आहे आणि रस्त्यावरचे दगड किलोमीटरचे. आपल्याकडे मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२ पासून सक्तीची झाली. त्या आधीच्या गाड्यांत मैलांचे मीटर होते आणि पुढे अनेकांनी जुन्या बाजारातून मिळेल तो मीटर बसवला. साठच्या दशकातल्या मोटारीच्या कागदपत्रांत 'चाल' म्हणून लिहिलेला आकडा मैलांचा की किलोमीटरचा, हे ठरवल्याशिवाय तो वापरूच नये. एका गुणाकाराने गाडीचे अर्धे आयुष्य इकडचे तिकडे होते.

दातेरी चाके मंद होत नाहीत, याला एक अपवाद आहे. स्मिथच्या बऱ्याच मीटरांत आकडे थेट मळसूत्राने फिरत नाहीत. मध्ये एक तिरकस आसाचा गट्टू असतो. तो एका जिभलीला मागेपुढे हलवतो आणि ती जिभली करवतीसारख्या दात्यांच्या चाकाला दर खेपेस एक दाता पुढे ढकलते. जिभलीचे टोक झिजले किंवा तिची स्प्रिंग मऊ पडली की दहातली एखादी खेप हुकते. असा मीटर खरोखरच कमी मोजतो आणि तेही अनियमित, थंडीत एक, उन्हाळ्यात एक. याच रचनेचा दुसरा परिणाम अभ्यासकाच्या कामाचा आहे. गट्टू कोणत्याही दिशेने फिरला तरी जिभली पुढेच ढकलते. म्हणून अशा मीटरला उलटे ड्रिल लावून आकडा कमी करू पाहणाऱ्या लबाडाचा आकडा उलट वाढतच जातो! सरळ मळसूत्राच्या मीटरमध्ये मात्र उलटे फिरवले की आकडे मागे जातात, आणि या धंद्यातले हात त्यावरच चालत आले. अमेरिकेत असे आकडे मागे फिरवण्याला १९७२ च्या केंद्रीय कायद्याने बंदी केली, यावरून हा रोग किती पसरला होता ते दिसते. आकडे एका रेषेत नसणे हे लबाडीचे लक्षण मानतात. मी ते एकट्या बळावर मान्य करत नाही. झिजलेल्या पिनियनमुळेही आकडे तिरपे बसतात. पण तिरपे आकडे, आसाच्या खिळीवर ओरखडे आणि काचेच्या कडेची पट्टी उचकटल्याच्या खुणा, अशा तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर संशय घ्यावा.

मीटरच्या पोटातले नेहमीचे मरण दोन प्रकारचे. पहिले धातूचे. जुन्या मीटरांची चाके आणि सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असत. त्या जस्तात शिशाचा अंश राहिला तर धातू आतून कुजत जातो, फुगतो आणि भेगाळतो. हे समजल्यावर अमेरिकेत १९२९ मध्ये अत्यंत शुद्ध जस्तापासून केलेला झामाक हा मिश्रधातू आला. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाडीत सुजलेले चाक मिळाले तर त्यात नवल नाही. दुसरे मरण प्लॅस्टिकचे. पुढच्या काळातल्या मीटरांत छोटी चाकी प्लॅस्टिकची झाली. तीस-चाळीस वर्षांत ते ठिसूळ होते आणि एक दाता उडतो, किंवा दाबून बसवलेली चाकी आसावर सैल होऊन जागच्या जागी घसरते. घसरणारी चाकी फार फसवी असते. हातात धरून फिरवली तर नीट फिरते, ओझे आले की सरकते.

आणि ओझे केव्हा येते, ते महत्त्वाचे आहे. आकडा १२,३४५ वरून १२,३४६ वर जाताना एकच चाक हलते. पण ४९,९९९ वरून ५०,००० वर जाताना पाचही चाके एकदम वळतात. वर्षानुवर्षे घट्ट झालेले ग्रीस, धूळ, सगळ्यांची जडता एकाच क्षणी त्या इवल्या चाकीवर येते. म्हणून थकलेले मीटर सहसा नवांच्या रांगेशी मरतात. बंद मीटरवर ३९,९९९ किंवा ७८,९९९ असा आकडा अर्धवट वळलेला दिसला, तर गाडी तिथेच थांबली असे समजणे धाडसाचे ठरेल. मीटर तिथे थांबला, एवढेच म्हणता येते.

खात्री करायची असेल तर दोन साध्या कसोट्या आहेत. पहिली क्लेटनच्या जातीची. सपाट जागी दहा मीटर अंतर खडूने आखायचे, केबलच्या मोकळ्या टोकाला कागदाचा बाण अडकवायचा आणि गाडी हळू ढकलत फेरे मोजायचे. ते शंभराने गुणले की एका किलोमीटरला केबल किती फेरे घेते ते कळते. मीटरला किती फेरे हवेत, ते बहुधा त्याच्या तबकडीवरच बारीक अक्षरांत असते. स्मिथच्या तबकडीवर १२८० किंवा १००० असा आकडा असतो, तो मैलाचे फेरे सांगतो. व्हीडीओवर डब्ल्यू अक्षरापुढचा आकडा मीटरमागचे फेरे सांगतो. दोन्ही आकडे जुळले की चाकांपासून मीटरपर्यंतची वाट निर्दोष ठरते. दुसरी कसोटी टेबलावरची. किलोमीटरला हजार फेऱ्यांचा मीटर असेल तर मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वेगाने ड्रिलने फिरवावा. काटा साठावर यायला हवा आणि एका मिनिटात आकडा बरोबर एक किलोमीटर पुढे जायला हवा. ड्रिलची दिशा आधी तपासावी, नाही तर स्प्रिंग उलटी ताणली जाते.

हे सारे मी एका फियाटपायी शिकलो. मुंबईच्या कुर्ल्यातल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने, बनवलेली ती अकराशे सीसी वर्गातली गाडी. पुढे हिचीच बहीण पद्मिनी झाली आणि टॅक्सी म्हणून मुंबईभर फिरली. ही गाडी १९६६ ची, सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका दिवंगत डॉक्टरांची. मीटरवर ४८,९९९. गाडीबरोबर कुटुंबाने त्यांच्या पेट्रोलच्या दोन वह्याही जपल्या होत्या. दर भरण्याला तारीख, लिटर आणि मीटरचा आकडा, असे तीन रकाने. त्या भागातल्या एका स्मरणिकेत या वह्यांच्या आधारे लिहिलेले वाक्य माझ्या वाचनात होते. १९७३ च्या सुरुवातीनंतर डॉक्टरांचे गावोगाव फिरणे थांबले, असा त्याचा आशय. १९७२-७३ चा दुष्काळ ऐन भरात होता, खडी फोडण्याच्या कामांवर हजारो माणसे होती. नेमक्या त्या वेळी त्या भागातला डॉक्टर घरी बसला, असे हे वाक्य नकळत सांगत होते. कुटुंबाला ते बोचत होते आणि खोडून काढायला त्यांच्याकडे काही नव्हते, कारण वहीत तिसऱ्या रकान्यात फेब्रुवारी १९७३ मध्ये ४८,९९९ आले, त्याखाली चार वेळा 'सदर' म्हणून खुणा केल्या आणि मग रकाना कोरा राहिला.

आम्ही आधी गाडी दहा मीटर ढकलली. केबल फिरत होती. ड्रिलवर वेगाचा काटा नीट चढला, आकडे जागचे हलले नाहीत. पुण्यातल्या एका मीटर-कारागिराने डबी उघडली. मळसूत्र चांगले, पहिली चाकी चांगली. दुसरी चाकी आपल्या आसावर घसरत होती आणि आकड्यांच्या चाकांमधले ग्रीस लाखेसारखे कडक झाले होते. सगळ्यात उजवीकडचे चाक नऊ आणि शून्याच्या मध्ये अडकलेले. हजारांचा हातचा देताना मीटरचा जीव गेला होता. वेगाचा काटा चालू होता, त्यामुळे कामाच्या धबडग्यातल्या माणसाला दुरुस्तीची निकड भासली नसावी.

मग मी वहीचा दुसरा रकाना घेतला. एप्रिल १९६६ पासून मीटर चालू असेतो लिटरमागे सरासरी बारा किलोमीटरच्या आतबाहेर पडत होते. वर्षाला सुमारे सात हजार किलोमीटर. मार्च ते डिसेंबर १९७३ या दहा महिन्यांत, म्हणजे मीटर मेल्यानंतर, भरलेले पेट्रोल ८७० लिटर. बाराच्या हिशेबाने दहा हजार चारशे किलोमीटरच्या वर. नेहमीच्या वर्षाच्या जवळजवळ दीडपट, आणि तेही दहा महिन्यांत. स्मरणिकेतल्या वाक्याच्या नेमके उलट.

यावर आक्षेप येऊ शकतात आणि ते घ्यायलाच हवेत. इंजिन थकून लिटरमागची चाल घटली असेल का? ती नऊवर आली असे धरले तरी सात हजार आठशे होतात, म्हणजे फिरणे थांबलेले नाही. पेट्रोल दुसऱ्या कोणाला दिले असेल का? भरण्याच्या तारखा पाहिल्या तर आठवड्यातून दोनदा, दर वेळी दहा-बारा लिटर. साठवून वाटण्याची ही पद्धत नव्हे. चाके चिखलात गरगर फिरून पेट्रोल गेले असेल का? ज्या वर्षी पाऊसच नव्हता त्या उन्हाळ्यात कसला चिखल! पुढच्या वर्षापासून भरणे कमी झालेले दिसते. पण ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि पेट्रोलचे भाव भडकले, हे लक्षात घेतले तर त्या घटीला डॉक्टरांच्या उत्साहाशी जोडण्याचे कारण उरत नाही. गाडी कुठे कुठे गेली, हे वही सांगत नाही. ती दुष्काळी कामांवरच गेली असे मी म्हणत नाही. ती थांबली नव्हती, एवढे मात्र दोन रकाने शेजारी ठेवल्यावर नाकारता येत नाही.

याच जातीचा मोठा पुरावा अमेरिकेत आहे. अर्विन गॉर्डन या शिक्षकाच्या १९६६ च्या व्होल्वो पी-१८०० गाडीने २०१३ मध्ये तीस लाख मैल पुरे केले. आकडे पुन्हा पुन्हा शून्यावर येऊन पुढे गेलेल्या मीटरवर एवढी मोठी गोष्ट कोणी केवळ पाहून मान्य केली नसती. त्याने देखभालीच्या नोंदी जपल्या होत्या, त्या मीटरच्या शेजारी उभ्या राहिल्या.

फियाटच्या मीटरचे काय करायचे, हा प्रश्न शेवटी आमच्यापुढे आलाच. कारागीर म्हणाला, घसरणारी चाकी बदलतो, ग्रीस धुतो, आणि म्हणाल तो आकडा लावून देतो. वह्यांतले पेट्रोल शेवटच्या भरण्यापर्यंत, म्हणजे १९८१ पर्यंत, मोजले तर गाडी एकूण नव्वद हजारांच्या जवळ पोचते. तो आकडा लावावा असे कुटुंबातल्या धाकट्यांना वाटत होते. मी विरोध केला. अंदाज कितीही सचोटीचा असला तरी तो मीटरवर चढवला की वीस वर्षांनी पाहणाऱ्याला तो यंत्राने मोजलेला वाटेल. चाकी बदलली, आकडा ४८,९९९ वरच ठेवला, आणि डबीच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली. फेब्रुवारी १९७३ पासून दुरुस्तीच्या तारखेपर्यंत मोजणी बंद, पेट्रोलच्या वह्या पाहाव्यात, असे तीवर लिहिले आहे. काढलेली चाकी कागदी पुडीत घालून वह्यांच्या खोक्यात ठेवली आहे. स्मरणिकेच्या संपादकांना वह्यांच्या छायाप्रती आणि हा हिशेब पाठवला आहे. पुढच्या आवृत्तीत ते वाक्य बदलण्याचे त्यांनी मान्य केले आहे. गाडी पहिल्यांदा बाहेर काढली त्या दिवशी चारही चाके एकदम वळली आणि ४९,००० आले, तेव्हा मागच्या सीटवर डॉक्टरांच्या थोरल्या मुलीने हातातल्या वहीच्या तिसऱ्या रकान्यात तारीख घालून तो आकडा लिहिला.